तिसगावकर साहेबांचा फ्लॅट

"ह्या साफसफाईला येतात."

एजंट हे बोलला तेव्हा मी माझ्याच फ्लॅटच्या स्वयंपाकघरात उभी होते. हातात खराटा. ओढणी डोक्याला गुंडाळलेली, सलवार पोटरीपर्यंत वर घेतलेली. त्याच्यामागे घर भाड्याने बघायला आलेली तीन माणसं. एमआयडीसीतल्या कुठल्याशा कंपनीत सुपरवायझर असलेला पस्तिशीचा एक माणूस, त्याची बायको आणि त्याची आई. ही मंडळी अर्धा तास लवकर आली होती. मी घर झाडून निघून जायचं आणि मग त्यांनी यायचं, असं ठरलं होतं.

आईने ओट्यावरून बोट फिरवलं आणि बोट बघितलं. नळ सोडून पाहिला. मग मोरीत डोकावली आणि मला म्हणाली, "कोपऱ्यातलं राह्यलंय बग बाई. तेवढं घे काढून."

मी खाली बसले. कोपऱ्यात सिमेंटचा वाळलेला लपका होता. खराट्याने निघेना. मग मी तो नखाने खरवडून काढला.

राग नाही आला का, असं मला नंतर विचारलं गेलं. आला. पण राग आला तेव्हा मी उकिडवी बसलेली होते आणि मला कोणी धरून बसवलं नव्हतं. खरेदीखत माझ्या नावावर. किल्ली माझ्या पर्समध्ये. आणि तरी मी मोरी खरवडत होते, कारण आठ दिवसांपूर्वी या नाटकाला मीच हो म्हटलं होतं. म्हणून हे सगळं सांगताना मी फक्त दुसऱ्यांवर बोट दाखवणार नाही.

मी नगरच्या एका खाजगी दवाखान्यात लॅब टेक्निशियन आहे. रक्त घेते, तपासते, रिपोर्ट देते. अठरा वर्षं झाली. सुई टोचून घेताना कोणी माझं आडनाव विचारलेलं नाही. बाहेर मात्र विचारतात. मी तिसगावची. वडील शाळेत शिपाई होते. आजोबांनी धम्म घेतला, घरातले जुने देव नदीला सोडले आणि भिंतीवर बुद्ध आला. माझ्या जन्माच्या आधीची गोष्ट. आमच्या घरात कोणी मान खाली घालून बोलत नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण खाली मान घालायला मी नगरला आल्यावर शिकले, आणि तेही भाड्याच्या खोल्यांमध्ये.

पहिल्या खोलीची मालकीण फार गोड होती. मुगाचे लाडू द्यायची. महिन्याभराने ती सहज आत आली, फळीवरची बुद्धाची मूर्ती बघितली, "छान आहे," म्हणाली. पुढच्या आठवड्यात म्हणाली, मुलगा परत येतोय, खोली लागेल. आम्ही सामान हलवलं. मुलगा काही आला नाही. दुसरा भाडेकरू आला. तेव्हापासून कोणी माझ्या घरातल्या वस्तूला छान म्हटलं की मी ती वस्तू आत नेऊन ठेवते.

आजकाल कोणी तोंडावर काही म्हणत नाही. शिवी दिली तर परवडली, निदान कळतं. आता म्हणतात, "कळवतो." म्हणतात, "आमचं दुसरीकडे जमलं." म्हणतात, "घरात म्हातारी माणसं आहेत हो, त्यांचं जरा जुनं असतं." खरं असेलही एखाद्या वेळी. मला ठरवता येत नाही. प्रत्येक वाक्य उलटं करून बघायची सवय लागलीय आणि त्या सवयीने डोकं शिणतं.

तर अशा बाईने भाड्याने द्यायला घर घ्यायचं ठरवलं. आम्ही राहतो ते घर छोटं, पण स्वतःचं. दवाखान्यातली एक सिस्टर म्हणाली, "दुसरा घेऊन ठेव. भाडं येत राहील, म्हातारपणी कोणापुढे हात पसरायला नको." मी मोबाईलवर व्हिडिओ बघायला लागले. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी काय बघावं, काय टाळावं. एक टाय लावलेला माणूस फळ्यावर लिहून सांगायचा. जागा बघा. पाणी बघा. कागद बघा. आसपास कंपन्या, कॉलेज आहेत का बघा. मी सगळं वहीत उतरवून घेतलं. मालकाने स्वतःचं आडनावही बघून घ्यावं, हे त्याने कुठेच सांगितलं नाही.

संशयी असण्याचा एक फायदा असतो. जागा आधी कोणाकोणाच्या नावावर होती, त्याचा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट मी वकिलाकडून काढला. बिल्डर म्हणाला पाणी मुबलक आहे, म्हणून मी सकाळ, दुपार, संध्याकाळ अशी तीनदा जाऊन गच्चीवरच्या टाकीत वाकून बघितलं. टँकरवाल्याला विचारलं, इथे किती खेपा होतात? माझा वास्तूवर काडीचा विश्वास नाही, पण भाडेकरू बघतात म्हणून स्वयंपाकघर आग्नेयेला असलेलाच फ्लॅट निवडला. केडगावच्या बाजूला, तिसरा मजला, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. माझा नवरा एसटीच्या वर्कशॉपला मेकॅनिक आहे. तो म्हणाला, "तू तर लग्नाआदी माझीबी एवढी चौकशी केली न्हवती." आम्ही हसलो. त्या दिवशी मी खूश होते. खरेदीखतावर अंगठा दिला, त्याची शाई मी घरी येईपर्यंत पुसली नाही.

मग तीन महिने घर रिकामं राहिलं.

माणसं यायची. घर आवडायचं. खिडकीतून वारा येतो म्हणायची. मग कोणीतरी विचारायचं, "मॅडम, आपण कुठल्या?" तिसगावच्या. "तिसगावात कोण?" मी आडनाव सांगायचे. चेहरा बदलायचा नाही, हे विशेष. उलट जास्त हसायची. आणि खाली उतरल्यावर एजंटला सांगायची, कळवतो.

मी भाडेकरू होते तेव्हा घर मिळत नव्हतं. मालकीण झाले तर भाडेकरू मिळेना. मला वाटलं होतं, किल्ली हातात आली की बाजू बदलते.

एजंट चाळिशीचा, गोड बोलणारा. मला ताई म्हणायचा. माझ्याकडचा चहा घ्यायचा, अगदी मागून घ्यायचा. मी तेही बघत होते, उगाच कशाला खोटं बोलू. एके दिवशी त्याने कप खाली ठेवला आणि म्हणाला, "ताई, वाईट वाटून घेऊ नका. माज्या मनात तसलं काय बी न्हाई. पन मार्केट असं हाय. तुमी पुढं येऊच नका. मालक पुन्याला असत्यात म्हनून सांगतो. तिसगावकर साहेब. तुमी तिसगावच्याच की. खोटं कुठं हाय त्यात?"

मी म्हणाले, "विचार करते."

विचार काय करायचा होता? बँकेचा हप्ता थांबत नव्हता. नवरा म्हणाला, "घर भरंल ना? मग झालं." आमच्यातल्या कितीतरी लोकांनी गावावरून आडनाव घेतलंय, शहरात गेल्यावर. मी त्यांना हसायचे. माझ्या वडिलांनी शाळेच्या मस्टरवर आयुष्यभर पूर्ण आडनाव लिहिलं, वळणदार. तरी मी एजंटला फोन करून सांगितलं, ठीक आहे. असा आमचा तिसगावकर साहेब जन्माला आला. त्याला नोकरी होती, पुण्यात बंगला होता, स्वभावाने मोकळा होता. सगळं एजंटने पुरवलं.

आणि त्या रविवारी मी मोरीत बसलेली असताना बाहेरच्या खोलीतून मला ऐकू आलं.

"मालक कोण म्हनायचं?" सुपरवायझरची आई.

"तिसगावकर."

"म्हंजे आपल्यातलेच?"

"व्हय व्हय. घरचेच समजा."

एजंट हसला. म्हातारीही हसली. मी लपका हातात घेऊन तशीच बसून राहिले. त्यांना घर पसंत पडलं होतं. मला हवं होतं ते झालं होतं आणि माझ्या तोंडाला कडू चव आली होती.

बुधवारी एजंट दवाखान्यात आला. स्टँप पेपरवर टाइप केलेला कागद घेऊन. मुखत्यारपत्र. म्हणजे माझ्या वतीने सह्या करायचा अधिकार मी त्याला द्यायचा. भाडेकराराला मालकाचा फोटो आणि अंगठा लागतो, आणि पार्टीसमोर माझा चेहरा येऊन चालणार नव्हता. "तुमचा अंगटा इथं, मग तुमाला यायचीच गरज न्हाई. करारातलं मालकाचं नाव कोन वाचत बसत न्हाई," तो म्हणाला.

मी कागद वाचला. रिपोर्ट वाचायची सवय आहे, एक आकडा चुकला तर माणूस जातो. सदर मिळकत भाड्याने देणे, भाडे वसूल करणे, ताबा देणे-घेणे, तसेच सदर मिळकतीसंबंधी अन्य सर्व व्यवहार करणे.

अन्य सर्व. तिथे मी थांबले.

"हे कशाला?"

"फॉर्मॅट हाय ताई. सगळे असंच करत्यात."

त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. लबाड होता की नुसता आळशी, मला आजही सांगता येणार नाही. कदाचित खरंच कोणाच्या तरी कागदावरून उतरवून आणला असेल. मी म्हणाले, उद्या देते. तो गेला. आणि मी सुया टाकायच्या डब्यापाशी उभी राहून पहिल्यांदा नीट विचार केला. मालक म्हणून सगळ्यांना तिसगावकर माहीत. एजंट सह्या करणार. भाडेकरूच्या लेखी मी झाडूवाली. उद्या हा म्हणाला की ही कोण बाई, हिला मी ओळखत नाही, तर खरेदीखत आहे माझ्याकडे, मान्य. पण त्या इमारतीत मला मालकीण म्हणून बघितलेला एक माणूस आहे का? मी स्वतःच एकेक करून सगळ्यांच्या डोळ्यांतून निघून गेले होते.

शनिवारी ती मंडळी कपाटाची मापं घ्यायला येणार होती. एजंटने बजावलं होतं, तुमी येऊ नका. म्हणून मी गेले.

गेटवर वॉचमनने अडवलं. महिन्याभरापूर्वी लागलेला नवा माणूस. "ओ बाई, वहीत सही करा. कामवाल्या बायांनी सही केल्याबिगर वर जायचं न्हाई."

"मी कामवाली आहे, असं कोणी सांगितलं?"

"एजंटसायबांनी. मालक पुन्याला अस्त्यात, ही बाई झाडायला येती म्हनले."

वही पुढे केली. त्यात सहा बायकांची नावं. कोणाचं आडनाव नव्हतं. रेखा, मंगल, शोभा. मी माझं नाव लिहिलं. का लिहिलं? वॉचमनशी वाद घालायला लाज वाटली. अठरा वर्षं नोकरी केलेली बाई, आणि मी त्या रांगेत सातवी म्हणून सही केली. त्या सहांमध्ये कमीपणा नव्हता. माझ्या सहीत होता.

वर दार उघडं होतं. सुपरवायझर मापाचा टेप धरून भिंतीपाशी, बायको वहीत आकडे लिहीत होती. एजंट गॅलरीत फोनवर. मला बघून त्याने डोळ्यांनीच विचारलं, इथे काय? म्हातारी खुर्चीत बसली होती. माझ्याच खुर्चीत, मीच ठेवलेली प्लॅस्टिकची.

"तूच ना गं त्या दिवसाची?" ती म्हणाली.

"हो."

"काम सोच्छ हाय तुजं. आमच्याकडं करशील का? भांडी, फरशी. आन् सूनबाई माह्यारी गेली तर चार भाकरी टाकायच्या."

भाकरी. म्हणजे स्वयंपाकघर. पुढचा प्रश्न मला आधीच कळला. एजंटलाही कळला असावा, कारण तो फोन तसाच कानाला ठेवून आत आला.

"आडनाव काय गं तुजं?"

मला हसू आलं. खरंच हसले मी, मोठ्याने. आडनाव लपवायला मी एक माणूस तयार केला, त्याला पुण्यात ठेवला, स्वतःच्या घरात मोलकरीण झाले. मोरी खरवडली, वहीत सही केली. आणि एवढं करून प्रश्न तोच आला. मालकिणीला विचारतात, मोलकरणीलाही विचारतात. याच्याखाली अजून कुठे जायचं होतं मी?

मी नाव सांगितलं. आधी माझं, मग नवऱ्याचं, मग आडनाव. खरेदीखतावर आहे त्या क्रमाने, एकेक शब्द सुटा.

"आणि हा फ्लॅट माझा आहे. तिसगावकर साहेब नावाचं कोणी नाही. मी तिसगावची, एवढंच त्यातलं खरं."

टेप सुटला आणि खटकन आत गेला. सून वहीकडे बघत राहिली. सुपरवायझर म्हणाला, "मॅडम, आमचं तसं काही नसतं."

"मग कसं असतं?"

त्याने टेप खिशात घातला. म्हातारी खुर्चीतून उठली. पहिल्यांदा तिने मला अहो-जाहो केलं. "तुमी आदी का न्हाई सांगितलं?"

बाकी सगळं त्यांचं होतं, पण हा प्रश्न माझा होता. तो लागला मला. मी म्हणाले, "चुकलं माझं. पुन्हा होणार नाही."

तिघंही निघाली. जिन्यात म्हातारीचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. एजंट म्हणाला, "ताई, हातातली पार्टी घालवली तुमी. तुमच्यासाटीच केलं हुतं मी सगळं."

"माझ्यासाठी करायचं तर माझ्या नावाने करायचं," मी म्हणाले. पर्समधून त्याचा कागद काढला. चार तुकडे केले आणि त्याच्याच हातात दिले. फ्लॅटची दुसरी किल्ली त्याच्याकडे होती, ती मागून घेतली. द्यायला त्याने जरा वेळ लावला. तो वेळही मी लक्षात ठेवलाय.

खाली येऊन वॉचमनची वही मागितली. माझी सही खोडली आणि पुढे लिहिलं, मालक, फ्लॅट तीनशे दोन. त्याने वाचलं, मला बघितलं, परत वाचलं. "मॅडम, मला काय म्हाईत," तो म्हणाला. बरोबर होतं त्याचं.

संध्याकाळच्या आत सुपरवायझरचा मेसेज आला. वास्तू जमत नाही, स्वयंपाकघराची दिशा चुकीची आहे. आग्नेयेचं स्वयंपाकघर! वास्तूवाल्यांच्या पुस्तकात स्वयंपाकघराला तीच पहिली दिशा. मी उत्तर दिलं नाही.

नवरा म्हणाला, "आपल्यातल्याच कोनाला तरी दिऊन टाक. कटकटच न्हाई." प्रेमाने म्हणाला. आणि सोपं होतं ते, दवाखान्यातलाच एक कंपाउंडर घर शोधत होता, आमच्यातला. त्याने येऊन घर बघावं, आवडलं तर घ्यावं, मी नाही म्हणणार नाही. पण तो आमच्यातला म्हणून द्यायचं आणि दुसऱ्याला विचारायचंच नाही, हे मला पटेना. मग तिसऱ्या मजल्यावर मी स्वतःच्या हाताने वेगळी वस्ती बसवली असती. मी नवऱ्याला सांगितलं, घर कोणालाही देईन, त्याचं आडनाव मी विचारणार नाही. माझं मात्र आधी सांगेन.

मग फ्लेक्सवाल्याकडे गेले. जिल्ह्याचं नाव बदलल्यापासून त्याचा धंदा जोरात होता, दुकानभर नव्या नावाच्या पाट्या. पाट्या सगळ्या बदलल्या, माणसं प्रश्न तोच विचारतात, असं माझ्या मनात आलं. मी त्याला मजकूर दिला. घर भाड्याने देणे आहे. माझं पूर्ण नाव. माझा नंबर. मध्ये एजंट नाही.

त्याने स्क्रीनवर अक्षरं हलवून बघितली. "ताई, आडनाव बसंना ह्यात. नुसतं नाव आन् नंबर टाकू का? लोक नंबरच बगत्यात."

खरंच बसत नव्हतं, की वाचून बोलला, मला माहीत नाही. आधी मी यावर चार दिवस झोप घालवली असती.

"नंबर बारीक करा," मी म्हणाले. "आडनाव सगळ्यात वर घ्या. सगळ्यात मोठं."

फ्लेक्स गॅलरीला बांधून महिना झाला. घर अजून रिकामं आहे. फोन येतात, काही लगेच कटतात. हप्ता मी दुपारच्या जादा ड्युट्या करून भरते आणि तो जड जातो, हे लपवत नाही. पुढच्या महिन्यातही जड जाईल. पण आता खालून ते आडनाव वाचून जो तीन जिने चढून येईल, त्यालाच माझ्या दाराची किल्ली मिळेल. बाकीच्यांनी रस्त्यावरूनच जावं.